दुकानाच्या नावाची कोणती वस्तू वाटावी? (चारकोप, भाजणी-मसाल्याचं दुकान)

भाजणीवाली_चारकोप

नमस्कार मंडळी,

कांदिवलीत चारकोपला माझं भाजणी, मेतकूट, पिठं आणि मसाल्यांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागच्या खोलीत भाजायच्या दोन कढया आणि चक्की. हाताखाली दोन बायका आहेत. आषाढी एकादशीपासून दिवाळीपर्यंत आमची खरी कमाई. आधी उपवासाची भाजणी, मग गणपतीसाठी मोदकाची पिठी आणि दसऱ्यानंतर चकलीची भाजणी. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तर चक्की बंद करायला रात्र उजाडते.

जुनं गिऱ्हाईक बांधलेलं आहे. पण आजूबाजूच्या सोसायट्या रिडेव्हलपमेंटला गेल्या, कितीतरी कुटुंबं भाड्याने वसई-विरारकडे गेली आणि नव्या टॉवरमध्ये जी माणसं आली त्यांना गल्लीच्या आत आमचं दुकान आहे हेच ठाऊक नाही. म्हणून यंदा दुकानाचं नाव छापलेली काहीतरी वस्तू द्यायची असं ठरवलंय. हातात ३०,००० रुपये आहेत, त्याच्या वर जाता येणार नाही.

एक सेल्समन कॅटलॉग दाखवून गेला. त्यात कॉफीचे मग, पेनं, की-चेन, टी-शर्ट असं सगळं आहे. तो म्हणतो मग घ्या, फोटोसकट छापून देतो. जाऊबाई म्हणतात पेनं बरी, कुणी नाही म्हणत नाही. पण मागे एका ऑनलाइन ठिकाणाहून पेनं मागवली होती, त्यांच्यावरचं नाव महिनाभरात पुसलं गेलं आणि कोरी निळी पेनं उरली. आता पैसे घालायचे तर ते दिसले पाहिजेत.

तर सांगा, काय द्यावं? सगळ्यांना फुकट द्यावं की काही खरेदीवर? मुंबईत कुठे जाऊन करून घ्यावं? आणि गणपतीच्या आधी होईल का?

---

पोळीभाजी_मुलुंड

ताई, माझं मुलुंड पूर्वेला पोळीभाजी केंद्र आहे. मी फ्रिजवर लावायचं मॅग्नेट केलं होतं, त्यावर रोजच्या पोळ्यांचा आणि सणाच्या पुरणपोळीचा फोन नंबर. माझ्या धंद्याला ते लागू पडलं, कारण संध्याकाळी उशिरा घरी आलेली बाई फ्रिज उघडते, आत काही नसतं आणि दारावर आमचा नंबर असतो. अजूनही लोक फोनवर सांगतात, "तुमचं मॅग्नेट आहे आमच्याकडे."

पण एक ध्यानात घ्या. आता नव्या घरांत काचेच्या दाराचे फ्रिज येतात, त्यांवर मॅग्नेट चिकटत नाही. टॉवरवाल्यांसाठी करत असाल तर ते पैसे वाया जातील. मी संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणात द्यायला छोट्या कापडी थैल्याही दिल्या होत्या. आमच्या सोसायटीतल्या चार जणींनी त्या माझ्याकडूनच घेऊन पुढे लुटल्या. मॅग्नेटपेक्षा त्या थैल्या जास्त फिरल्या.

---

पडदाछपाई_प्रभादेवी

ताई, प्रभादेवीला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा स्क्रीन प्रिंटिंगचा गाळा आहे. वडिलांनी गिरगावात सुरू केलं, मी इकडे आणलं. दुकानांच्या पिशव्या, मंडळांचे टी-शर्ट, लग्नाच्या थैल्या, सगळं छापून झालंय. तुमचं काम माझ्याकडे यावं म्हणून हे लिहीत नाही, तुम्ही कांदिवलीला आहात, तिकडेच जवळ करून घ्या. पण ३०,००० रुपये ही लहान दुकानाला मोठी रक्कम आहे आणि ती कॅटलॉग बघून खर्च होताना मी फार वेळा पाहिलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कॅटलॉग मिटून ठेवा. एकच प्रश्न स्वतःला विचारा: गिऱ्हाईकाला माझी गरज पडते तेव्हा ते घरात कुठे उभं असतं? तुमचं गिऱ्हाईक ओट्यापाशी उभं असतं. मसाला संपतो ते मिसळणाचा डबा उघडल्यावर कळतं, भाजणी संपते ते डब्याच्या तळाशी वाटी लागल्यावर कळतं. तुमचं नाव तिथे असायला हवं. कॉफीचा मग हॉलमध्ये टीपॉयवर असतो आणि पेन पोराच्या दप्तरात जातं. तिथे नाव वाचून कुणाला थालीपीठ आठवत नाही. ट्यूशन क्लासवाल्याने मला विचारलं तर मी त्याला पेनच द्या म्हणेन.

म्हणून माझं पहिलं मत: स्टीलचा चमचा द्या. दांड्यावर लेझरने दुकानाचं नाव आणि फोन नंबर. मसाल्याच्या डब्यात, भाजणीच्या डब्यात आतच राहील असा, आखूड दांड्याचा. त्यात शाई नसते. लेझर स्टीलच्या अंगावरच खूण करतो, त्यामुळे रोज घासणीने घासला तरी नाव राहतं. प्लास्टिकचा माप-चमचा स्वस्त पडेल, पण तो करू नका. २०२२ च्या जुलैपासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकचे चमचे देशभर बंद आहेत. तुमचा चमचा जाड आणि पुन्हा वापरायचा असला तरी दुकानात प्लास्टिकच्या चमच्यांचा गठ्ठा ठेवून उगाच कुणाला प्रश्न विचारायला जागा का द्यायची? शिवाय प्लास्टिकला हळदीचा डाग बसला की तो निघत नाही.

आता चमचा घेताना मापाचा घ्या. मोठा चमचा १५ मिलिलिटरचा आणि लहान ५ मिलिलिटरचा, हे माप ठरलेलं आहे. तुमचा चमचा बरोबर १५ चा असला तर पाकिटावर लिहिता येईल, "पाव किलो उसळीला या चमच्याने एक चमचा मसाला." चमच्याशिवाय तुमची कृती अपुरी राहील आणि तुमच्या मसाल्याशिवाय चमचा अपुरा. मेतकूट, मोदकाची पिठी, चकलीच्या भाजणीचं पाण्याचं प्रमाण, सगळ्याला तेच माप वापरा. प्रमाण तुम्हीच स्वतः करून बघून ठरवा, ते काम प्रिंटरचं नाही. भुलेश्वर-काळबादेवीच्या भांड्यांच्या बाजारात चमचे घाऊक मिळतात. नमुना हातात घेऊन दांडा दोन बोटांत दाबून बघा, वाकला तर दुसरा घ्या. घरून एक माप घेऊन जा आणि पाणी भरून ताडून बघा. दुकानदार "पंधराचाच आहे" म्हणेल, तरी बघा.

दुसरी वस्तू पिशवी. ती तुम्हाला तशीही द्यावीच लागते. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि पहिल्याच वेळी सापडलं तर ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि वर कैद. तेव्हा पिशवीवरचा खर्च निम्मा तरी जाहिरातीच्या खात्यातला नाहीच, तो तुमच्या माल देण्याच्या खर्चात धरा. मांजरपाटाची साधी, ब्लीच न केलेल्या मूळ रंगाची पिशवी करा. कापड मूळजी जेठा मार्केटमध्ये ठोक मिळतं आणि शिलाई एखाद्या बचत गटाकडून करून घ्या. तुमच्याकडे चारकोप-गोराईत असे गट नक्की असतील. आकार मोठा नको. मोठी पिशवी लोक घडी करून कपाटात टाकतात, भाजी आणायच्या मापाची पिशवी दाराच्या खुंटीवर राहते. बंद जिथे शिवला जातो तिथे फुलीची शिलाई मागून घ्या, नाहीतर दोन किलो कांद्यांतच तो उसवतो आणि उसवलेल्या पिशवीवर नाव तुमचं असतं.

छपाईबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथेच लोक फसतात.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी फ्रेम लागते. फ्रेमच्या जाळीवर डिझाइन एक्सपोज करायचं (उजेडाने उतरवायचं), मग त्यातून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई खाली ढकलायची. फ्रेमचा खर्च पन्नास पिशव्यांना जेवढा तेवढाच पाचशेंना. दोन रंग केले की दोन फ्रेम, आणि पहिल्या रंगावर दुसरा नेमका बसायला हवा. कापड ताणलं जातं, तेव्हा तो थोडाफार हलतोच. म्हणून एकच रंग. गडद लाल किंवा काळा, मांजरपाटाच्या रंगावर उठून दिसतो. देवाचा फोटो घालू नका. फाटलेली पिशवी टाकताना लोकांना अवघड वाटतं आणि शेवटी ती कुठेतरी पायाखाली येते.

देवनागरीसाठी मात्र जपून. मांजरपाटाची वीण जाडी असते आणि कापडासाठी आम्ही जाळीही जरा मोकळी वापरतो, म्हणजे शाई भरपूर उतरते. त्यात बारीक टाइप घेतला की अनुस्वार भरून टिंबाचा डाग होतो, रफार भरून येतो, "भा" मधली पोकळी बुजते. तुमच्या नावात "भाजणी" येणार, म्हणून सांगतो. ठळक अक्षर घ्या, अक्षरांत मोकळी जागा ठेवा आणि नंबरचे आकडे चांगले बोटभर उंचीचे. ज्या आजी पिशवी घेऊन बाजारात येतात त्यांना चष्म्याशिवाय नंबर दिसला पाहिजे. नाव, एक ओळ (भाजणी, मेतकूट, मसाले), पत्त्याऐवजी ओळखीची खूण आणि एकच नंबर. बाकी काही नको.

आणि शाई नीट पक्की केली आहे का ते बघा. कापडावरची शाई नुसती वाळून भागत नाही, तिला उष्णता द्यावी लागते. पावसाळ्यात हवा दमट असते, मुंबईत तर भिंतीसुद्धा ओल्या. घाईत पिशव्या एकावर एक रचल्या की आतली शाई समोरच्या पिशवीला लागते. माल घेताना पांढरं फडकं ओलं करून छापलेल्या भागावर जोराने घासा. रंग फडक्यावर आला तर गठ्ठा परत करा.

तुमची पेनं का पुसली गेली तेही सांगतो. पेनावर पॅड प्रिंटिंग करतात. सिलिकॉनचा मऊ ठोकळा कोरलेल्या प्लेटवरून शाई उचलतो आणि पेनाच्या गोल अंगावर ठेवतो. काम छान होतं, पण काही प्लास्टिक असं असतं की त्याच्या गुळगुळीत अंगावर शाई धरत नाही, त्याला आधी ज्योतीने शेकावं लागतं किंवा प्रायमर लावावा लागतो. ती पायरी गाळली की पेन स्वस्त पडतं आणि घामाच्या बोटांनी नाव जातं. छापणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं.

कुणाला द्यायचं हे सगळ्यांत महत्त्वाचं. स्टेशनबाहेर उभं राहून वाटू नका. चमचा तुमच्या चालू गिऱ्हाईकाला द्या, एक किलो भाजणीवर किंवा जे तुम्हाला परवडेल त्यावर. त्या बाईच्या स्वयंपाकघरात नणंद येते, शेजारीण येते, "कुठून घेतलीस भाजणी" हा प्रश्न तिथे विचारला जातो. तुमची शिफारस तीच करणार आहे. अनोळखी माणसाला तुमच्या नावाचा चमचा मिळाला तर तो त्याला नुसता चमचाच असतो.

टॉवरवाल्यांना चमचा नको, त्यांना आधी चव हवी. थालीपिठाच्या भाजणीची लहान पुडी करा, दोन थालीपिठं होतील एवढीच. नमुना असला तरी खाण्याचा जिन्नस आहे, म्हणून पुडीवर तुमचा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा नोंदणीचा) १४ आकडी नंबर, तयार केल्याची तारीख, घटक आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी. छपाई पुडीच्या बाहेरच्या अंगाला, आतल्या पदार्थाला शाई लागता कामा नये.

---

भाजणीवाली_चारकोप

दादा, खूप खूप आभार. डबा उघडल्यावर चमचा हाती येतो हे वाचलं आणि लगेच उठून आमच्या घरातला डबा बघितला. त्यात सासूबाईंचा जुना पितळी चमचा आहे, कुठल्यातरी भांड्याच्या दुकानाचं नाव कोरलेला. ते दुकान कधीच बंद झालं असेल, पण नाव अजून वाचता येतं.

दोन शंका आहेत. चमचे किती करावेत? आणि समोरच्या टॉवरमध्ये यंदा पहिल्यांदाच सोसायटीचा गणपती बसणार आहे. त्यांची एक ताई आमच्याकडे पिठी घ्यायला येते, ती म्हणाली काहीतरी स्पॉन्सर करा. बॅनर लावू का?

---

हिशेबनीस_गिरगाव

ताई, मी छोट्या दुकानांचे हिशेब बघतो. एक गोष्ट आधीच समजून घ्या म्हणजे नंतर जड जाणार नाही. तुमचा जीएसटी नोंदलेला असेल तर फुकट भेट म्हणून किंवा नमुना म्हणून दिलेल्या वस्तूंवर भरलेला जीएसटी तुम्हाला वजावटीत परत घेता येत नाही. कायद्याच्या कलम १७(५)(एच) मध्ये ते स्पष्ट आहे. मार्च २०१९ मध्ये विक्री-योजनांबद्दल एक परिपत्रकही निघालं, त्यात फुकट नमुना आणि "या खरेदीवर हे सोबत" अशी योजना यांचा वेगवेगळा विचार केलेला आहे. म्हणून "एक किलो भाजणीसोबत चमचा" असं देणार असाल तर बिलावर ते कसं लिहायचं हे तुमच्या हिशेबनीसाला आधी विचारा. बिलावर लिहिण्याच्या पद्धतीनेच फरक पडतो.

नोंदणी नसेल तर हा प्रश्नच येत नाही. पण दोन्ही बाबतींत चमच्याचं, कापडाचं, शिलाईचं, छपाईचं बिल दुकानाच्या नावाने घ्या. बाजारात "बिलाशिवाय कमी लावतो" म्हणतात. ते घेतलं तर वर्षअखेरीला हा खर्च धंद्याचा म्हणून दाखवता येत नाही आणि वाचलेले पैसे तिथेच जातात.

---

क्यूआर_बोरिवली

काकू, पिशवीवर क्यूआर कोड टाका ना, स्कॅन केला की थेट व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर. टॉवरमधले लोक फोन करत नाहीत, टाइप करतात. माझ्या बहिणीच्या केकच्या धंद्यात निम्म्याहून जास्त ऑर्डर तशाच येतात.

---

पडदाछपाई_प्रभादेवी

ताई, हिशेबनीस साहेबांनी सांगितलंय ते कागदावर लिहून ठेवा, अगदी खरं आहे.

बॅनर नको. एक तर रस्त्यावर महापालिकेच्या परवानगीशिवाय बॅनर लावणं बेकायदा आहे, आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर २०२२ पासून बंदी आहे. दुसरं म्हणजे विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तो उतरतो आणि तुमचे पैसे त्याच्याबरोबर उतरतात. त्या सोसायटीला आरतीची पुस्तिका करून द्या. आरतीला उभं राहणाऱ्या नव्या पिढीला पहिल्या दोन आरत्यांच्या पुढचं पाठ नसतं, सगळे एका मोबाइलवर वाकलेले असतात. पुस्तिका हातोहात घेतली जाते आणि नंतर कुणी ती रद्दीत टाकत नाही. देवघराच्या खणात जाते, पुढच्या वर्षी पुन्हा निघते. गौरीला, सत्यनारायणाला, नवरात्रातही निघते. छपाईच्या धंद्यात एवढी वर्षं टिकणारी दुसरी स्वस्त वस्तू मी तरी पाहिलेली नाही. आणि घरोघरी ती नेमकी सण-स्वयंपाकाच्या दिवसांत बाहेर येते, म्हणजे तुमच्या हंगामात.

करताना एवढं बघा. मध्ये पिन मारायची पुस्तिका असते, तिची पानं चारच्या पटीत लागतात, म्हणजे १२, १६, २०. १६ पुरे. अक्षर मोठं ठेवा, कारण वाचायचं असतं ते उभ्याने, हाताच्या अंतरावरून आणि समईच्या उजेडात. पुढच्या मुखपृष्ठावर गणपती आणि सोसायटीचं नाव. तुमची जाहिरात फक्त मागच्या पानावर आणि तीही शांत: नाव, काय मिळतं, कुठे आहे, नंबर. आरत्यांच्या मधल्या पानावर जाहिरात घुसवू नका, लोकांना ते आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. शेवटच्या पानाच्या आतल्या बाजूला उकडीच्या मोदकांचं पाण्या-पिठाचं प्रमाण द्या. ते कापून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत.

शंभर-दोनशे प्रती असतील तर डिजिटलवर करा. ऑफसेटला प्लेटा बनवाव्या लागतात, प्रती हजाराच्या घरात गेल्याशिवाय त्यांचा खर्च अंगावर येतो. मजकूर जुन्या पुस्तिकेवरून उचलला तर तिच्या चुकाही उचलल्या जातात, म्हणून घरातल्या कुणा जाणत्या माणसाकडून प्रूफ वाचून घ्या, तेही कागदावर काढून. मोबाइलवर वाचलेलं प्रूफ मी धरतच नाही, डोळा सरकून जातो. आणि डिझाइनवाल्याला सांगा की फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या आकृत्यांत, करून दे. मराठी फाँट प्रेसच्या कॉम्प्युटरवर नसला की वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात आणि रात्री अकरा वाजता मशीनवर असलेला पोरगा ते ओळखेलच असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला तुमचा लोगोही छपाईला देऊ नका, फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कडा फाटतात. मूळ फाइल ईमेलने किंवा पेनड्राइव्हवर द्या.

बोरिवलीच्या मित्राचं म्हणणं रास्त आहे, पण क्यूआर पिशवीवर नको. कापडाला घडी पडते, शाई पसरते, बारीक चौकोन भरतात. पुस्तिकेच्या मागच्या पानावर आणि पुडीवर टाका. बनवताना साधा, कायमचा क्यूआर बनवा, ज्याच्या आतच तुमचा व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा असतो. काही संकेतस्थळं जो फुकट क्यूआर देतात तो आधी त्यांच्या सर्व्हरवर जातो आणि मुदत संपली की पैसे मागतो. पुस्तिका दहा वर्षं टिकेल आणि कोड सहा महिन्यांत मरेल, असं होऊ देऊ नका. पांढऱ्यावर काळा, चारी बाजूंनी कोरी जागा, आणि आकार निदान दोन सेंटिमीटर. छापण्याआधी प्रूफवरचाच कोड घरातल्या सगळ्यांत जुन्या मोबाइलने स्कॅन करून बघा.

आता चमचे किती. तुमच्या वहीत बघा, गेल्या दिवाळीत एक किलो किंवा जास्त चकलीची भाजणी नेणारी किती घरं होती. तेवढे आणि वर थोडे. आकडा सेल्समनला ठरवू देऊ नका, तो नेहमी पुढच्या गोल आकड्याला दर कमी करून दाखवतो. लेझरला फ्रेम-प्लेट काही लागत नाही, त्यामुळे कमी पडले तर नंतर आणखी करून घेता येतात. पिशवीचं तसं नाही, तिथे फ्रेम एकदा बनली की एकदमच जास्त छापलेल्या बऱ्या, आणि फ्रेम जपून ठेवायला सांगा, पुढच्या खेपेला तीच चालते.

पैशांचं म्हणाल तर मी तुमच्या जागी असतो तर निम्मे चमच्यांवर घातले असते, पुस्तिका आणि पुड्या मिळून पाव भाग आणि उरलेले पिशव्यांवर. पिशवीचा बाकी खर्च रोजच्या विक्रीतून निघेल.

वेळेचं मात्र आजच ठरवा. गणपतीच्या आधी महिनाभर मुंबईतला एकही प्रेसवाला मोकळा नसतो. मंडळांच्या पावती-पुस्तकांपासून अहवाल, टी-शर्ट, पासपर्यंत सगळं एकदम येतं आणि लहान कामं मागे पडतात. पुस्तिकेचा मजकूर या आठवड्यात तयार करा आणि श्रावण लागायच्या आत प्रेसला द्या. पिशव्यांनाही ऊन नाही म्हणून नेहमीपेक्षा जास्त दिवस धरा. चमच्यांना घाई नाही, ते दसऱ्याला हातात आले तरी चालतील. गणपती झाल्यावर बाजारात गेलात तर भावही नीट होईल आणि लेझरवाला तुमच्याशी दोन मिनिटं बोलेलसुद्धा.

---

भाजणीवाली_चारकोप

दादा, वही काढली. किलोच्या वर नेणारी घरं मी समजत होते त्यापेक्षा कमी आहेत, पण त्यातली बरीचशी दर वर्षी तीच आहेत. त्यांच्यापुरतेच चमचे करते. टॉवरमधल्या ताईंना पुस्तिकेचं सांगितलं, त्यांना फार आवडलं. आरत्या त्यांचे सासरे वाचून देणार आहेत, ते निवृत्त शिक्षक आहेत. मोदकाच्या पिठीचं प्रमाण आज दोन घाण्यांत करून बघते आणि मजकूर शनिवारपर्यंत लिहून काढते. मुलुंडच्या ताई, तुमच्या वाणाच्या थैल्या कुणी शिवल्या ते कळवाल का? त्यांनाच पिशव्यांचं विचारेन.

---

पोळीभाजी_मुलुंड

आमच्याच इथल्या बचत गटाने शिवल्या ताई. खासगी निरोपात नंबर पाठवते. बंदाला फुलीची शिलाई त्या न सांगताच घालतात, पण कापड तुम्ही द्यायचं. आणि आधी एक पिशवी शिवून घ्या, त्यात तुमची दोन किलोची पाकिटं घालून बघा, मगच बाकीचं कापड फाडायला सांगा.